शेवटच्या आजींचे बारा तास

३ मार्च
कुलगुरूंचं पत्र. महिनाअखेर त्या नामशेष होणाऱ्या भाषेचं बारा तासांचं रेकॉर्डिंग द्या, नाहीतर भाषाशास्त्र विभाग बंद. हे कोण लिहितंय, तर ज्यांना स्वतःचं एक वाक्य धड संपवता येत नाही! ती भाषा बोलणारी एकच आजी उरली आहे. वय एक्याण्णव. बारा तास म्हणजे माझ्या हातचा मळ. आधी भाषाधोरणावरून मंत्र्याला झोडपणारा लेख पुरा करतो.

८ मार्च
लेख छापून आला. खळबळ. दिवसभरात दोन फोन. एक राँग नंबर होता, पण त्यानेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

११ मार्च, सकाळी १०
आजींकडे पहिली बैठक. रेकॉर्डिंगचं मशीन माझ्या सहायिकेकडे. आजी बुजू नयेत म्हणून आधी सरकारच्या भाषाधोरणाची पार्श्वभूमी सांगितली. चार तास लागले. आजी एकाग्र. डोळे मिटून ऐकत होत्या. आजींच्या सुनेला ही भाषा नुसती समजते, बोलता येत नाही; तिने दारातून विचारलं, आजींना काही विचारायचंय का? पद्धतशास्त्र कशाशी खातात, तिला काय ठाऊक!

१५ मार्च
आणखी चार तास. आजी मध्येच काहीतरी सुरू करत होत्या. माझा मुद्दा ऐन रंगात. हातानेच थांबवलं. परतताना सहायिका म्हणाली, सर, त्या गाणं म्हणत होत्या. म्हटलं, गाणी कुठे पळून जात नाहीत.

२१ मार्च
बारा तास पूर्ण! घरी सांगितलं, तर ही म्हणाली, त्या म्हातारीला तोंड उघडू दिलंत का? बत्तीस वर्षांच्या संसारात हिच्या डोक्यात भाषाशास्त्र शिरलं नाही ते नाहीच.

२६ मार्च
सहायिकेने तक्ता दिला. मी: अकरा तास एक्कावन्न मिनिटं. आजी: नऊ मिनिटं. पैकी सहा खोकला. ही मुलगी कुलगुरूंना सामील दिसते. तरी उद्या जातो. निर्धार: तोंडाला कुलूप. फक्त प्रश्न.

२७ मार्च
एकच प्रश्न विचारला. थोडा लांबला. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सून म्हणाली, सर, तुम्ही जरा बाहेर बसा, या मशीनवाल्या ताईंना विचारू द्या. मला! पायरीवर बसलो. आत संध्याकाळपर्यंत गाणी, हसणं, कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या. शास्त्रीय शिस्त शून्य.

२९ मार्च
पायरी. तिसरा दिवस. समोरच्या शिंप्याला मंत्र्याचे कारनामे सांगू लागलो. त्याने शिलाई मशीन जोरात चालवलं.

३० मार्च
सहायिकेचं तीन दिवसांचं रेकॉर्डिंग कुलगुरूंनी मान्य केलं, विभाग वाचला. पाया अर्थात माझाच. कारभार मात्र सहायिकेकडे. मी सल्लागार. खुर्ची कुठे ते नंतर कळवणार.
दुपारी आजींकडे निरोपाला गेलो. मशीनमधली जागा संपली होती आणि आजींचं एक गाणं अजून बाकी. सहायिकेने चाचरत विचारलं, सर, तुमचे पहिले बारा तास पुसू का? मी उत्तराची प्रस्तावना सुरू केली. तेवढ्यात आजी, प्रथमच माझ्याकडे बघून, दोन शब्द बोलल्या. सुनेने अर्थ सांगितला: खुशाल पुसा.
दोन्ही शब्द टिपून घेतले. माझ्या संग्रहात सध्या एवढेच आहेत.