‘बंद’चं इंग्रजी

१२ जून, नेर
रफीकभाईचं गॅरेज उघडं, भाई बाहेर दगडावर. धाकटा भाऊ इरफान जहाजावर इंजिनखोलीत असतो. तिथं जनरेटर पेटला. इ. बचावला, जोडीदार फार भाजलाय.

१४ जून
कंपनीला जबाब लेखी, इंग्रजीत हवा. इ.चं इंग्रजी पान्यापुरतं, म्हणून मराठीत बोलून भाईच्या फोनवर पाठवला. भाई म्हणाला, “तुम्ही पेपरवाले, तुम्हीच इंग्रजी करा गुरुजी.” शिकलो संस्कृत, छापतो नाल्यांच्या बातम्या, पण नाही कसं म्हणू?
जनरेटरच्या इंजिनावर बारीक तोट्या असतात म्हणे. आग लागली की पाणी धुक्यासारखं सुटतं, वाफ होऊन आग दाबतं. संस्कृतात नेमका शब्द आहे: शीकर. तासभर खुशीत.
भाई वैतागला, “शीकर-बिकर राहू द्या जी. बयान लिहा.”
लिहिलं. पाठवलं.

२३ जून
भाजलेला जोडीदार गेला.
कंपनीचं पत्र: ‘स्वतः कबूल केल्याप्रमाणे’ इ.ने पाण्याची झडप बंद ठेवली होती. चौकशी होईतो जहाजावरून उतरवलं.
फोनवरचा जबाब पुन्हा ऐकला. “पाणी सुटलंच नाही. त्या इंजिनाचं बंद होतं.” आपल्याकडे बिघडलेला पंखाही बंद आणि बटण दाबून थांबवलेलाही बंद. मी ‘शट’ लिहून मोकळा. शीकराला तास दिला, ‘बंद’ला क्षणही नाही.

२४ जून
भाईला सांगितलं. हातातला पाना थांबला नाही.
“म्हंजे त्याले तुम्हीच बंद केलं.”
मग माझ्यासाठीही चहा मागवला. ते जास्त लागलं.

२६ जून
दुरुस्तीचं पत्र तयार: ‘नादुरुस्त होती’. धाडण्याआधी इ.ला फोन. बंद पडलं होतं, की केलं होतं?
“वेल्डिंग चालू होती गुरुजी. धुरानं पाणी आपोआप सुटते. साहेब म्हणे, झडप बंद कर. मी केलती.”
“आणि नंतर?”
“उघडली का नाही, तेच आठवून नाही राह्यलं. भाईले नका सांगू.”
साहेबाचा हुकूम तोंडी. कागद नाही.

२७ जून
पत्र खिशातच. गॅरेजच्या रस्त्याने जायचं टाळलं, तर भाईच घरी हजर. चप्पलही काढली नाही.
“धाडलं का जी?”
“एक शब्द राहिलाय.”
“तुमचा शब्द होईस्तोवर त्याची नोकरी जाईन.”
“इरफानशी बोलले का तुम्ही?”
“हो.”
“काय म्हणे?”
“बंद होतं, म्हणाला.”