लोकरीचा बोळा आणि पूर्वेची भिंत

दि. ३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मी, हौशीराम, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (गणितात पहिला), पूर्वी मेंढपाळ, सध्या कुटुंबप्रमुख, राहणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, सत्य तेच लिहितो.

आज नात सोनल हिने बाहेरच्या खोलीची पूर्वेची भिंत रंगविण्यास घेतली. रंग एकसारखा लावणे मला समजते. ही मात्र खाली हस्तिदंती रंग देऊन त्यावर पातळ तांबूस रंग स्पंजाने टिपणार आहे. म्हणजे आधी स्वच्छ करायचे आणि मग मुद्दाम डाग पाडायचे!

रविवारी उज्ज्वलाबाई भिंत पाहावयास येणार. आंबेगावकडे त्यांचे पर्यटकांसाठी बांधलेले घर आहे, खोल्या सहा. भिंत पसंत पडली तर काम सोनलला. न पडली तर माझा मुलगा गोरख म्हणतो, “मंग बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. रंगबिंग बास.” पोरीने मान हलविली. रडली नाही. आमच्या घराण्यात रडत नाहीत.

दि. ४ फेब्रुवारी, मंगळवार

स्पंज सुरू. भिंतीला गोवर आल्यासारखे दिसते, असे मी स्पष्ट सांगितले.

“आबा, मनगट फिरवत राहायचं. एक ठिपका दुसऱ्यासारखा आला की संपलं, छापल्यासारखं दिसतं.”

“आमच्या वेळी सारखे येणे यालाच कसब म्हणत.”

“तुमच्या वेळी चौथी झाली की माणूस परीक्षक व्हायचा का?”

सौ. झुंबरबाई आत बसून हसत होत्या. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाल्या, “अवो, मला तर चार वर्सं समद्या भिंती अशाच दिसत्यात! पोरीनं उगा रंग नासला.”

दि. ५ फेब्रुवारी, बुधवार

तिन्हीसांजेला भिंत फार सुरेख दिसली. हे कोणास सांगणे नाही.

दि. ६ फेब्रुवारी, गुरुवार

सौ.ना डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गोरख व सोनल जुन्नरला घेऊन गेले. मी घरी एकटा.

जे घडले ते लिहितो. भिंतीचा खालचा उजवा कोपरा मला फिका वाटला. डब्यात रंग उरला होता. स्पंज माझ्या बोटांत टिकेना, म्हणून पोत्यातली जुनी लोकर काढली, बोळा केला आणि टिपू लागलो. मनगट फिरवीत होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

दहा मिनिटांनी मागे सरून पाहिले. दोन ठिपके वर, एक खाली. त्याच्या शेजारी दोन वर, एक खाली. कोपराभर तेच!

ही आमची खूण. दुसऱ्याच्या कळपात मिसळले तरी आपले मेंढरू ओळखू यावे म्हणून आम्ही प्रत्येकाच्या पाठीवर गेरूने ती उठवीत असू. बोळाही लोकरीचाच. पन्नास वर्षे हाताने दुसरे काही केलेच नाही, तर तो दुसरे काय करणार?

पुसावयास गेलो तर आणखी फासले गेले. थांबलो.

कळप मी अकरा वर्षांपूर्वी विकला. सौ. माहेरी गेल्या असताना. विचारले नाही. परत आल्यावर त्यांनी मेंढरे कोंडायचा वाडगा रिकामा पाहिला आणि चहा ठेवला. त्या विषयावर आजतागायत एक शब्द नाही. मलाही आठवण वगैरे येत नाही.

दि. ७ फेब्रुवारी, शुक्रवार

सौ. परत आल्या. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. रंगाच्या वासापासून सोमवारपर्यंत दूर राहावयाचे, म्हणून आतल्या खोलीत आहेत.

मी माझी खाट त्या कोपऱ्याला लावून बसलो. गोरख म्हणाला, “आबा, हितं का?”

“वारा लागतो.”

“भिंतीतनं?”

सोनल खाटेमागे वाकून काही पाहत होती. म्हणाली, “लागतो, लागतो. राहू दे त्यांना.”

दि. ८ फेब्रुवारी, शनिवार

सोनलने मला दाढी करावयास पिटाळले. “उद्या पाहुण्या येणारेत. खुंट वाढलेत तुमचे.” न्हाव्याकडे गर्दी, त्यात निवडणुकीची चर्चा, दुपार गेली. परत आलो तर खाट जुन्या जागी आणि भिंतीवर जुन्या साड्या टांगलेल्या. धूळ बसू नये म्हणे.

उद्या सर्वांसमक्ष कबुली देणार. पोरीचे काम माझ्यामुळे जाऊ नये. निवेदन पाठ केले आहे.

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

उज्ज्वलाबाई आल्या. सोनलने साड्या ओढल्या. मी उभा राहून “सदर भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याबाबत—” इतके बोललो आणि कोपरा सापडेना.

भिंतभर तेच! या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन वर, एक खाली. काही ठळक, काही धुक्यात गेल्यासारखे पुसट. सोनल छताकडे पाहत होती.

“मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत असं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“नव्हतं. हे आमच्या घरचं आहे,” सोनल म्हणाली.

बाईंनी जवळ जाऊन एका ठिपक्यावरून बोट फिरविले. मग म्हणाल्या, “मला हे नको. माझ्याकडे फोटोतल्यासारखंच कर. पण हात चांगला आहे तुझा. सोमवारनंतर ये, खोल्या दाखवते.”

काम मिळाले. मात्र “मला हे नको” हे त्यांनी जरा बेताने म्हणावयास हवे होते.

नंतर सोनलला विचारले, एवढा धोका का पत्करलास? म्हणाली, “कोपऱ्यात एकटंच राहिलं असतं, आबा. चुकल्यासारखं दिसलं असतं.”

दि. १० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सौ. पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, जो करू नये असे बजावले आहे. जवळ गेल्या, मागे आल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

“आणलीत व्हय परत?”

मी होय म्हणालो.

समक्ष हजर: गोरख, सोनल. सौ. झुंबरबाई यांचे नाव साक्षीदारांत धरू नये. त्या फिर्यादी आहेत.