कुंडीखालचे चौदा पाय

प्रिय शुभदा,

दुपारी सरांचा फोन आला. तुझे पुण्याचे प्राणिशास्त्राचे सर, ज्यांना तू शाळेत शिकवून घरी आलीस की किड्यांचे फोटो पाठवून सळो की पळो करून सोडायचीस. त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला या घरात तू हवी होतीस. फोन ठेवल्यापासून मी नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलो.

‘किडे’ म्हटलं की तुला राग यायचा. किडा नाही रे, खेकड्याच्या गोतावळ्यातला आहे तो! इथे टोकरखाड्याला, आपल्या गॅलरीत कुंडी उचलायच्या आधी तू तिच्यावर बोटाने टकटक करायचीस. आपण त्यांच्या घराचं छप्पर उचलतोय, आधी सांगायला नको का, म्हणायचीस. मग ते भाताच्या दाण्याएवढे राखाडी जीव सैरावैरा पळायचे. तू त्यातला एखादा तळहातावर उताणा करून मला पायांच्या सात जोड्या मोजायला लावायचीस. शेपटीकडे पोटाखाली पांढरे ठिपके दाखवायचीस, तिथूनच तो हवा घेतो म्हणून. मी कंपनीतून दमून आलेलो असायचो, मला चहा हवा असायचा.

आणि स्वतः जाताना? ताप म्हणून दवाखान्यात गेलीस, तुळशीला पाणी घाल एवढं बोललीस, आणि परत आलीच नाहीस. किड्यांना सांगणारी तू, मला का नाही सांगितलंस?

सुरंगी गावातला तो दिवस मी रोज आठवतो. तुझ्या शाळेतल्या गुजराती शिकवणाऱ्या उषाबेनकडे आपण जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर तू त्यांच्या परसात कुजक्या ओंडक्यापाशी बसलीस ती उठेचना. निघायची घाई, म्हणून पाला चाळणीतून चाळलास आणि खाली जे पडलं ते सरळ स्पिरिटच्या बाटलीत टाकलंस. घरी येऊन भिंगाखाली पाहिलंस, तर तपकिरी अंग, पायांवर जांभळट झाक. असला आपण कधी पाहिलाच नाही, म्हणालीस. किती आनंदली होतीस! जंगलाकडचा आहे, नवा असेल, अजून कुणी नावच दिलं नसेल.

सरांनी तुला जमिनीवर आणलं. अंगाचा रंग आणि आकार फसवतात, नर मिळाल्याशिवाय जात ठरत नाही, म्हणाले. नराच्या शेपटीखालची पहिली पाती, तिचं टोक कसं वळलंय, त्यावरच सगळं. तुझ्या बाटलीत सगळ्या माद्याच निघाल्या. नवा ठरला तर तुझंच नाव दे त्याला, असं मी म्हणालो तेव्हा तू हसलीस. स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत रे, दुसऱ्याने द्यावं लागतं.

‘मग मी देईन,’ मी म्हणालो होतो.

शुभदा, तू गेल्यापासून मी त्या एका वाक्यावर जगतोय. आपल्याला मूल नाही. माझी बहीण म्हणते नाशिकला ये, इथे कोण आहे तुझं? मी तिला काय सांगू, की मला एका किड्याला माझ्या बायकोचं नाव द्यायचंय?

तुझा मायक्रोस्कोप काढला. पाहतो तर सगळं धूसर. तो तुझ्या डोळ्याला लावलेला होता, शेवटचा तुझ्या हाताने. चकती फिरवली असती तर मला दिसलं असतं, पण तू जिथे ठेवली होतीस ती जागा गेली असती. बरेच दिवस मी तसाच धूसर बघत राहिलो. वेडा झालाय, असं वाटेल तुला. झालोच होतो. शेवटी फिरवली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग तुझ्या पुस्तकांवरून शिकलो. मिशांच्या दोन जोड्या, त्यातली एक इतकी बारीक की शोधावी लागते. मोठ्या मिशीच्या टोकाला दोनच पेरं. मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी, त्यात पाणी, पिल्लं त्यात वाढतात. कात टाकतो तीही दोन हप्त्यांत, आधी मागचा अर्धा, मग पुढचा. मशीनच्या बेअरिंगपलीकडे काही न कळणाऱ्या मला आता हे सगळं येतं. बघायला तू कुठे आहेस?

काल सुट्टी होती, सुरंगीला गेलो. ओंडका सरपणात गेलाय. परसात तुळस होती, तिच्या बुडाशी पाला. तिथे मिळाला, जिवंत, आणि नर! पण अंग निळसर राखाडी, पीठ लागल्यासारखं. मला वाटलं दुसराच आहे. तरी तिथेच बाटलीत टाकला.

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती भुकटी सुटली गं. हळूहळू स्पिरिटमध्ये उतरली आणि खाली तपकिरी अंग उरलं, जांभळट पायांचं. तुझ्या बाटलीतलं. निळसर, पीठ लागलेले तर आपल्या कुंडीखाली रोज पळतात! तू हा एकदा जिवंत पाहिला असतास तर तिथल्या तिथे ओळखला असतास.

उषाबेन शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, ही तुलसी शुभदाबेननीच दिलती ना. मातीसकट. बेननी माटी सारी, एकदम चांगली, म्हणून मी बदलली नाय.’

मातीसकट. नाशिक सोडताना तू आईकडची तुळस तशीच मातीसकट टेम्पोत चढवली होतीस. परक्या मातीत ती रुसेल म्हणून. ज्याच्या घरी गेलीस त्याला तिचं रोप दिलंस, तेही मातीसकटच. आपणच नेला त्याला सुरंगीला, शुभदा. तू पेरलास आणि तूच शोधलास.

सरांना रात्रीच त्या नराच्या पातीचे फोटो पाठवले होते. आज त्यांनी नाव सांगितलं, पोर्सेलिओनायडीज प्रुइनोसस. दहिवर पडल्यासारखा, असा अर्थ म्हणे. उष्ण देशांत जिथे माणूस कुंडी घेऊन गेला तिथे हा पोचलाय. नाव केव्हाच दिलेलं आहे. सर म्हणाले, ‘वाईट वाटून घेऊ नका.’

काय करू मग? मला तुझं नाव कुठेतरी ठेवायचं होतं, मी गेल्यावरही राहील असं. एवढा एकच जीव होता माझ्या हातात आणि तोही आधीच दुसऱ्याच्या नावचा निघाला. मला दुसरं काही येत नाही गं. मी थकलो.

आत्ता गॅलरीत जाऊन आलो. तुळशीला पाणी घातलं. कुंडी उचलणार होतो आणि हात आपोआप आधी वाजवायला गेला.

माझ्या घराचं छप्पर उचललं तेव्हा कुणी टकटक केली नव्हती. नाशिकला गेलो तर ही कुंडी मातीसकट नेईन, खालच्या सगळ्यांसकट. आणि जिथे असेन तिथे त्यांना आधी सांगितल्याशिवाय ती कधीच उचलणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझाच,
अवि