चार बोटांचा हेलकावा

३ मार्च
साहेबांनी आज बॉम्बच टाकला. वाऱ्याच्या बोगद्यात पंख पुन्हा थरथरला, म्हणून विमानच रद्द! शुक्रवारपर्यंत काय ते दाखवा, म्हणे. मी सांगून पाहिलं — ही लिमिट सायकल आहे, थरथर वाढेल आणि ठरावीक मापावर थांबेल, गणित तसंच सांगतंय. "पंख तुटला तर गणित रडत बसत नाही," म्हणाले. खडूस!

४ मार्च
डोकं भणभणलंय. जेवले नाही.

५ मार्च
सापडलं! आणि किती साधं! पंख थरथरला की फोरमनकाका लाल बटण दाबतात, वारा बंद. दर वेळी! म्हणजे ती थरथर वाढून कुठे थांबते, हे आजवर कुणी बघितलेलंच नाही. पण त्यांना बोलू कोणत्या तोंडाने? पंख त्यांनी स्वतः घडवलाय, पोटच्या पोरासारखा जपतात.

६ मार्च
फोरमनकाकांच्या अक्षरशः मागे लागले. आधी ऐकेनात. मग त्यांनी विचारलं, मोडला तर? नवा करू, मीही तुमच्यासोबत घासत बसेन, म्हटलं. तुझ्या हातचा पंख उडायचा नाही, म्हणाले — पण हसले! उद्या बटणावर हात ठेवणार नाहीत.

७ मार्च
जिंकलो!!
वारा वाढवला. थरथर सुरू. काकांनी दोन्ही हात खिशात कोंबले. पंख हलतोय, आणखी हलतोय, टोक दोन बोटं, तीन बोटं… चार बोटं — आणि तिथेच थांबला! म्हणजे हलत राहिला, पण चारच्या वर जाईना. मी बोगद्याच्या बाजूच्या भोकातून लांब काठीने टोक दाबून सोडलं. मोठा झोका गेला, हळूहळू परत चार बोटं. काठीने अडवून धरला, सोडला — बारीक थरथर, वाढत वाढत पुन्हा चार! कुठूनही सुरू करा, स्वारी आपल्या मापावर हजर.
साहेब बोगद्याच्या काचेला नाक लावून उभे होते. मग म्हणाले, विमान होणार. काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. बंद खोलीत कसली धूळ! मी तर नाचलेच. अजून पाय जमिनीवर नाहीत.

८ मार्च
हे विमान पहिल्यांदा उडवणार ते कॅप्टन आज भेटायला आले. माझे आलेख शांतपणे बघितले. म्हणाले, "पंख थरथरतो त्या वेगापर्यंत मी नेतो. मागची सीट तुझी."
हो म्हणून बसले. आता गणित पहिल्या ओळीपासून तपासतेय.