अर्धा भरलेला कप

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, आधी एवढं वाचून घे. अक्षर असं का, तर टेबल डुगडुगतंय, असं लिहिणार होतो. पण माझी थाप तुला कधी पटली आहे?

महिनाभर हात थरथरतोय. बेकरीत एका वाढदिवसाच्या केकवर मी लिहिलेलं नाव पार नागमोडी आलं, म्हणून मालकांनी मला भट्टीवर लावलं. थंडीत ऊब मिळते, तेव्हा बढतीच समज.

डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे घराण्यातून येतं. त्यांनी कागदावर आपला वंशवृक्ष काढला आणि विचारलं, "आणखी कुणाचे हात थरथरायचे?" मी म्हटलं, कुणाचेच नाही.

खोलीवर येऊन एकट्यापुरता चहा केला. सवयीने अर्धाच कप ओतला आणि लख्ख आठवलं. आपल्याकडे कप कधी काठोकाठ भरलाच नाही. पाहुणे आपल्याला चिक्कू म्हणायचे, आई हसून सोडून द्यायची. ती बाबांचे हात झाकत होती गं. आणि आजोबांना आजी स्वतः चहा पाजायची, त्याला आपण लाड म्हणायचो.

इथे हे कुणाला सांगू? बाबांना पाहिलेलं इथे कुणीच नाही.

तुझी मागची दोन्ही पत्रं भाचीच्या अक्षरात आली. कामात असशील. पण ताई, पुढचं तूच लिही. अक्षर कितीही वाकडं आलं तरी चालेल, मला ते घरचंच वाटेल.

तुझा,
भट्टीवरचा धाकटा