सात की आठ

२६ ऑगस्ट २००७, रविवार

रुचिकाला पुन्हा नकार. कल्याणच्या हॉस्पिटलात विचारलं म्हणे, "कानाच्या ऑपरेशनचा स्वतःचा मायक्रोस्कोप आहे का?" आता नुकती एमएस झालेली मुलगी मायक्रोस्कोप काखोटीला मारून हिंडणार का! दुसऱ्या एका ठिकाणी जागा आहे, पण अपघात विभागात. कान-नाक-घसा आठवड्यातून एक दिवस, बाकी सहा दिवस फुटलेली डोकी शिवायची.

मी वळ गावच्या शाळेत शिकलेला माणूस. वाटायचं, एकदा डॉक्टर झालं की खुर्ची आपोआप चालत येते. ती म्हणते, "बाबा, दरवर्षी आमच्यासारखे कितीतरी बाहेर पडतात. जागा मोजक्याच."

देवापुढे बसलो, पण मन लागलं नाही.

२८ ऑगस्ट

संध्याकाळी दोन तास ती नाक्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. तीन आठवडे झाले. येतात ते सर्दीवाले, नाहीतर कानातला मळ काढायला. जेवताना म्हणाली, "एवढे लूम आहेत भिवंडीत. कमी ऐकू येणाऱ्यांची रांग लागायला हवी होती. एक माणूस येत नाही."

मी म्हणालो, "नसेल कोणाला त्रास. सव्वीस वर्षं लूमच्या शेडमध्ये मेहता आहे मी, हिशेब आणि कामगार दोन्ही बघतो. सगळ्यांना सगळं कळतं."

खरंच कळतं. शेडमध्ये लूमच्या खडखडाटात बोलायचं कामच नसतं. दोन बोटं दाखवली की धागा तुटला. डोक्यावर पंजा ठेवला की शेठ आले. बाकीचं ओठांवरून. आणि ज्याचं काहीच कळलं नाही, त्याला मान हलवायची. काम अडत नाही.

हे सांगितलं तर ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. सावकाश पूजा झाली. आईच्या वेळची पितळेची घंटी आता झिजली. पूर्वीसारखी वाजत नाही. चिमण्याही गेल्या गावातून. वळच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, त्या तरी कुठे राहणार?

चंद्रा टीव्हीवरून रागावली. "अवो, शेजारनीला घरात बसून आपली सिरियल ऐकू येतंय!" बायकोला काहीतरी निमित्तच लागतं.

३ सप्टेंबर, सोमवार

आज देवाने ऐकलं! दुपारी जेवायला घरी आलो तर फोन वाजत होता. चंद्रा बाजारात गेलेली. कोकणातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातून बाई बोलत होत्या. रुचिकाचा मोबाइल लागत नव्हता म्हणून घरी केला. पूर्ण वेळची जागा, कानाची ऑपरेशनं, मायक्रोस्कोप त्यांचाच, राहायला खोली. मुलाखत आठ तारखेला, अकरा वाजता, मूळ सर्टिफिकेटं घेऊन.

कॅलेंडरवर आठाला गोल केला. रुचिका आल्यावर दाखवला तर लहानपणी हसायची तशी हसली.

वज्रेश्वरीला नारळ बोललो. आणि लगेच मनात आलं, एवढ्या लांब जाईल पोर. जीव थाऱ्यावर नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

मुलाखत काल होती. सात तारखेला.

काल संध्याकाळच्या एसटीने ती गेली. आज दुपारी चंद्राला तिचा फोन आला. जागा कालच भरली. तिच्याबरोबर शिकलेल्याच एका मुलीला मिळाली.

"तुमी आठच ऐकलंव ना?" चंद्राने विचारलं.

"आठच म्हणाली ती बाई. तिचीच चूक." हे मी दिवसभरात तीनदा म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं तरी.

९ सप्टेंबर

आली. पाया पडली. जेवली. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर

सकाळी तिने खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. "बसा. मी म्हणेन ते म्हणायचं."

मागून आवाज आला. म्हणालो, आठ. पुन्हा, आठ. चार वेळा आठ. मला वाटलं चेष्टा करते आहे.

वळून बघितलं तर चंद्राने पदर तोंडाला लावलेला.

"बाबा, मी चारही वेळा सात म्हणाले."

१२ सप्टेंबर

तिने ठाण्याला नेऊन मशीनवर तपासणी करवली. कागदावर एक रेघ आली, आधी सपाट, मग उजवीकडे विहिरीत उतरल्यासारखी. लूमच्या आवाजाने आधी बारीक आवाज जातात म्हणाली. स, श, त. 'सात'चं नुसतं 'आ' उरतं, मन त्याचं 'आठ' करून घेतं. "तुम्ही तोंड बघून ऐकता, बाबा. फोनला तोंड नसतं."

मी घंटीचं विचारलं. ती म्हणाली, छान वाजते. चिमण्यांचं विचारलं. चंद्रा म्हणाली, "रोज पत्र्यावर भांडतान. तुमाला न्हाय ऐकू येत?"

अपघात विभागातली नोकरी तिने घेतली. एक तारखेपासून.

१३ सप्टेंबर

शेडमध्ये बारा नंबरच्या लूमवर चाचा आहेत. माझ्या आधीपासूनचे. तोंडावर रुमाल धरून त्यांना म्हणालो, "मेरी बेटी कान की डॉक्टर है, कान दिखाके आओ." त्यांनी मान हलवली.

रुमाल काढला. ओरडून विचारलं, "क्या बोला मैंने?"

हसले. "वही, जो रोज बोलते हो मेहताजी. जल्दी करो."

चाळीस माणसं आहेत शेडमध्ये. सगळ्यांच्या माना हलताना दिसत होत्या.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. मखर झालं. एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती, ती लिहून टाकतो.

तारीख मला ऐकू आली नव्हती. 'तारखेला' ऐकू आलं, त्याच्या आधी नुसता एक 'आ'. तेव्हाच कळलं होतं. पुन्हा विचारायला एक शब्द पुरला असता. पण डॉक्टरीणबाईंचे वडील बहिरे, असं त्या बाईला वाटायला नको होतं. म्हणून "हो, हो, कळलं" म्हणालो.

आणि रिसीव्हर कानाला लावून मान हलवली! फोनवर कोणाला दिसणार होती ती मान?

सात असावं की आठ, ते कॅलेंडरपुढे उभं राहून मी ठरवलं.

१५ सप्टेंबर

आरतीनंतर रुचिकाला सगळं सांगितलं. ती पाठमोरी बसून दूर्वा निवडत होती. हात थांबले. मग तशीच पाठमोरी काहीतरी बोलली.

मी मान हलवली नाही. म्हणालो, "ऐकू नाही आलं, बाय. पुन्हा सांग."