समोरची बारी पूर्ण ऐकावी लागते

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आनंदाची बातमी. सोमवारपासून रोज साडेआठला नवी मालिका. नाव 'रंगली बारी कोकणची'. विषय डबलबारी भजन, म्हणजे दोन बुवांचा गाण्यातला सामना. जाहिरातीत म्हटले आहे, 'लोकसंगीताच्या बाजाराची धगधगती कहाणी.' बुवांना नाचवणारे ठेकेदार, गाणी गिळणाऱ्या कॅसेट कंपन्या, सुपारी देऊन ऐन वेळी टांग मारणारे आयोजक, सगळे येणार.

तीस वर्षे मी मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत प्रत्येक व्यासपीठावरून हेच ओरडून सांगत होतो. शेवटी ऐकले म्हणायचे. माझे नाव देणार नाहीत. नको. कार्य मोठे.

संध्याकाळी लवू आला. माझा बालमित्र, आमच्या भजन मंडळाचा बुवा. माघी गणपतीत आमच्याच मैदानावर त्याची बारी आहे, समोर बोरिवलीचा सिद्धेशबुवा. गेल्या वर्षी याच सिद्धेशने भर मंडपात म्हटले होते की लवूबुवांनी आता पेटी पोरांकडे द्यावी आणि प्रसाद वाटायला बसावे. लवूला उत्तर सुचले नाही. मी तेव्हा व्याख्यानासाठी बाहेरगावी होतो. नाहीतर इतिहास वेगळा झाला असता.

लवू म्हणाला, "नंद्या, ह्या वर्सा माका तुझो गजर व्हयो. मगे मी पेटी ठेवलंय तरी चलात."

म्हणजे ही त्याची शेवटची बारी. मी शब्द दिला. आठ दिवसांत गजर, बारीतले ते चढत जाणारे उत्तराचे गाणे, तयार. झणझणीत शब्द, अस्सल चाल.

संकल्प : मालिका नऊला संपते. नऊनंतर रोज लेखन.

२ डिसेंबर, सोमवार

फसवणूक. शुद्ध फसवणूक.

बुवाचे नाव रुद्रप्रताप. मालवणात. वय पंचवीस, अंगात शेरवानी, दाढी कोरलेली. पेटी वाजवताना भाता बंद. आवाज येतो कुठून? कॅसेट कंपनीची मालकीण मोहिनीदेवी झोपतानाही हिऱ्यांचा हार घालते. बाजाराची कहाणी म्हणजे तिला रुद्रप्रतापशी आपल्या भाचीचे लग्न लावायचे आहे. अर्ध्या तासात भजन एकही नाही. विजा मात्र तीन वेळा कडाडल्या.

आणि ते शीर्षकगीत. 'पेटी बोले, जीव डोले, प्रीत अजून व्हायची.' असले सवंग, गोड, चिकट गाणे मी आयुष्यात ऐकले नाही. मागे गिटार.

संतापामुळे लेखन झाले नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

बहिष्कार. सकाळी चहाच्या वेळी घरात जाहीर केला. जगातल्या मोठमोठ्या चळवळींची सुरुवात नकारातून झाली, हे उदाहरणांसह सांगितले. लेक गार्गी हिला अंधेरीला ऑफिस गाठायचे होते, ती दुसऱ्या उदाहरणाला निघून गेली. आमच्या सौ. सुनंदाने एवढेच विचारले की मग साडेआठला रिमोट तिला मिळेल का.

रात्री सव्वाआठला एक मूलभूत विचार सुचला. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एक गातो, टोमणे मारतो, सवाल टाकतो. दुसरा त्याला गाण्यातून उत्तर देतो. आणि नियम काय? समोरची बारी पूर्ण ऐकावी लागते. मध्येच उठून गेलेला बुवा हरलेला धरतात.

बहिष्कार म्हणजे उठून जाणे. मी उठून जाणाऱ्यांतला नाही.

रिमोट परत घेतला. पाहिली. संतापलो.

५ डिसेंबर, गुरुवार

वाहिनीच्या कस्टमर केअरला फोन. फोनवर श्वेता नावाची मुलगी. डबलबारीची परंपरा, गिरणगावातल्या कामगारांनी ती कशी जपली, पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक का लावतात, सगळे क्रमाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मालिकेतले आपले आवडते पात्र कोणते.

मी बाणेदारपणे म्हटले, एकही नाही. फारतर ती भाची अवनी, तिला थोडी समज आहे.

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार!'

गजर : उद्यापासून.

११ डिसेंबर, बुधवार

लवू पावणेनऊला आला. त्याला हातानेच बसायची खूण केली. मोहिनीदेवी कॅसेटच्या मास्टर टेपवर अ‍ॅसिड ओतत होती. आजकाल कॅसेट कोण विकते, हा प्रश्न दिग्दर्शकाला पडलेला नाही. लवूने पडद्याकडे पाहिले. मग म्हणाला, "ह्या पखवाजाक कणीक खंय हा रे?" बघा. एका नजरेत. मग तो स्वयंपाकघरात जाऊन सुनंदाशी गप्पा मारत बसला.

नऊला बाहेर आला आणि गजराचे विचारले. मी म्हटले, आत शिजतोय. तो म्हणाला की सोमवारपासून मंडळाची तालीम रोज आठ ते दहा, तोपर्यंत निदान चाल मिळाली तर पोरे झांजेवर बसवतील. मी म्हटले, अस्सल चाल ऑर्डर देऊन येत नाही. तिची वाट पाहावी लागते.

तो बराच वेळ चपला शोधत होता. त्या समोरच होत्या.

१९ डिसेंबर, गुरुवार

रुद्रप्रतापची स्मृती गेली. जिन्यावरून पडला. आता पेटी समोर ठेवली तरी ओळखत नाही. अवनी त्याचा हात धरून पट्ट्यांवर ठेवते आणि तो विचारतो, "हे काय आहे?"

अत्यंत भडक, हिशेबी, स्वस्त प्रसंग.

सुनंदाने टॉवेल आणून दिला. पंख्यावर धूळ फार बसली आहे, डोळ्यांत जाते. रविवारी पंखा पुसणे.

२८ डिसेंबर, शनिवार

ठरले. निषेध सभा. सोसायटीच्या हॉलमध्ये पुढच्या शनिवारी. विषय : 'लोककलेचा दूरचित्रवाणीने मांडलेला बाजार'. वक्ता मीच. वेळ मुद्दाम साडेआठ. शत्रूच्या वेळेतच हल्ला.

सेक्रेटरी केतनभाईंनी विचारले की साडेसात चालणार नाही का. मी म्हटले, तुम्हाला डावपेचांतले कळत नाही.

सभेची तयारी असल्याने गजर थोडा मागे पडला आहे. पण भाषण झकास होत आहे. तेच पुढे गजरात वापरता येईल.

४ जानेवारी, शनिवार

सभेचा अहवाल. उपस्थिती : एक. तळमजल्यावरच्या मालनताई. त्या हॉलमध्ये विसरलेली छत्री घ्यायला आल्या होत्या. बाकीची बिल्डिंग कुठे होती? घराघरांतून 'पेटी बोले' ऐकू येत होते. लोकांना विष आवडते, हा जुनाच अनुभव.

मालनताई म्हणाल्या, भाऊ, आज तर त्याची स्मृती परत येणार आहे, तुम्ही इथे कसे?

मी तत्काळ सभा तहकूब केली. भित्रेपणाने नव्हे. आजचा भाग चुकला असता तर पुराव्यांची साखळी तुटली असती.

स्मृती परत आली नाही. सोमवारवर ढकलली. ही नीच वृत्ती.

१२ जानेवारी, रविवार

लवूकडे गेलो. आज मालिका नसते. विमलावहिनींनी घावणे केले होते. लवू ओसरीत पेटी पुसत बसला होता. सिद्धेशचे तीन गजर तयार आहेत म्हणे, एकात तर लवूच्या दातांवर कडवे आहे. मंडळातली दोन पोरे सिद्धेशकडे जायच्या विचारात आहेत.

मी त्याला लोककलेच्या भवितव्याबद्दल चार शब्द सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता. मग पेटीवर फडके टाकून म्हणाला, "नंद्या, माका भाषण नको. गजर व्हयो. तू सांगलंस म्हणून मी दुसऱ्या कोणाक सांगूक नाय."

उरलेले घावणे ताटात तसेच ठेवले. वहिनींना वाटले चटणी तिखट झाली.

संकल्प, हा शेवटचा : उद्यापासून टीव्ही बंद.

१३ जानेवारी, सोमवार

टीव्ही बंद. साडेआठला पेन उघडले. वरच्या मजल्यावरून आवाज येत होता, पण शब्द स्पष्ट नव्हते, त्यामुळे लक्ष अधिकच विचलित होत होते. लेखकाला शांतता लागते. अर्धवट आवाजापेक्षा पूर्ण आवाज बरा, म्हणून लावला.

स्मृती एकदाची परत आली. पण अवनीला विसरला.

हरामखोर.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन. भाषण केले. त्यानंतर आंघोळ करताना तो क्षण आला.

चाल.

अचानक, आपोआप, संपूर्ण. मी शोधली नाही, तिने मला शोधले. साबण डोळ्यांत तसाच ठेवून तीन वेळा म्हणून पाहिली. माझे आजोबा गिरणीतून सुटल्यावर लालबागला चाळीच्या गॅलरीत भजन करायचे. ही त्यांचीच. रक्तातून आलेली. इतकी सहज, इतकी आपली की जणू रोज कानावर पडते. लोकसंगीताचे हेच लक्षण आहे. गिटारवाल्यांना हे जन्मात जमणार नाही.

शब्दही धावत आले :

लाट जुनी, जोर नवा, भरती अजून यायची.

वा. म्हातारा म्हणता? घ्या.

बाहेर येऊन सुनंदाला म्हणून दाखवले. ती पोळ्या लाटत होती. तिने पाठ फिरवली, खांदे हलत होते. इतकी वर्षे संसार झाला, पण माझ्या काव्याने ती एवढी हललेली पहिल्यांदाच पाहिली. गार्गी म्हणाली, "बाबा, ही चाल तुम्ही केली? नक्की?" मी म्हटले, मी नाही, पूर्वजांनी. ती मोबाइल घेऊन गॅलरीत गेली.

संध्याकाळी पाचला लवूकडे. त्याने पेटीवर सूर धरले, दोनदा ऐकले. चेहरा उजळला. म्हणाला, "चाल बरी हा. खंय तरी आयकल्यासारी वाटता."

मी म्हटले, अस्सल चाल तशीच वाटते.

मंडळातल्या पोरांनी लगेच उचलली. त्यांना ती ओळखीची वाटली नाही, नवीच वाटली. साहजिक आहे. रोज आठ ते दहा तालमीत असतात बिचारी, टीव्हीच्या संस्कारांपासून दूर.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज बारी. लवूने नवा कुर्ता शिवला आहे. मी कोरसच्या मागे बसणार. सिद्धेशला आज कळेल शब्दाचे सामर्थ्य काय असते.

एक अडचण. आज दोन तासांचा महाएपिसोड. गार्गीला अ‍ॅपवर डाउनलोड करून ठेवायला सांगितले आहे. केवळ संदर्भासाठी. कालचा भाग मात्र नीट पाहिला आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहावे की नाही?

मैदान भरले होते. पहिली बारी सिद्धेशची. दातांवरचे कडवे झाले. मंडप हसला. लवू मान खाली घालून ऐकत होता, पूर्ण, नियमाप्रमाणे.

मग लवूने पेटी ओढली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. लाट जुनी, जोर नवा. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. दुसऱ्या ओळीला टाळ्या. मला वाटले, पेटला मंडप. तिसऱ्या ओळीला अख्खे मैदान गाऊ लागले. पण लवूचे शब्द नव्हे.

पेटी बोले, जीव डोले, प्रीत अजून व्हायची.

मी तेव्हाच ती चाल ओळखली. आधी नाही. हे इथे नोंदवतो.

लवूचे डोळे मिटलेलेच. त्याला वाटले गजर उचलला लोकांनी. तो आणखी जोरात, आणखी वर चढला. तसा आवाज मी त्याचा वीस वर्षांत ऐकला नव्हता. लोक थांबूच देईनात. तीन वेळा गायला.

सिद्धेशची पाळी आली. त्याने पेटीला हात लावला नाही. आधी वाकून लवूच्या पाया पडला, हे खरे. मग माइकवर विचारले, "बुवा, चाल कोणाची म्हणायची ही?"

लवूने छाती काढून माझ्याकडे बोट केले. म्हणाला, आमच्या नंद्याच्या रक्तातली.

मंडप हसून कोसळला. मला पुढे बोलावले. मी उठलो. माइक हातात आला की पाय घट्ट रोवले जातात, ती सवय. एक घाव दोन तुकडे करणार होतो. मालिकेचा आणि माझा संबंध फक्त शत्रुत्वाचा, हे वाक्य ओठांवर होते. तेवढ्यात सिद्धेश अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, मालिका तुम्ही बघत नसालच. आम्ही काल प्रवासात होतो. मोहिनीदेवीने दुधात विष घातलं म्हणे?"

आणि मी म्हणालो. भर मैदानात, माइकवर, माझ्या सभेच्या आवाजात.

"दूध नव्हे, कोकम सरबत. आणि मोहिनीदेवीने नव्हे, तिच्या जावेने."

पुढच्या रांगेतून मालनताई ओरडल्या, बरोबर आहे.

यानंतर गणपती मंडळाने दोन्ही बुवांना नारळ दिले. मलाही एक दिला. कशाबद्दल, ते सांगितले नाही.

परतताना लवू माझ्या पुढे. नारळ काखेत धरून चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर विचारले, ती मालिका रोज किती वाजता असते.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर बाहेर पडलो नाही. भाजीही सुनंदानेच आणली. भाजीवाल्याने तिला मालिकेत पुढे काय होणार ते मला विचारून ठेवायला सांगितले आहे.

निर्णय : यापुढे मालिका नाही, सभा नाही, गजर नाही. वाचन.

आठ पंचवीसला बेल. दारात लवू. आत येऊन सरळ माझ्या खुर्चीत बसला. सुनंदाने चहा ठेवला. मी म्हटले, लवू, झाले ते झाले, तुझी शेवटची बारी मी... त्याने हात वर करून मला थांबवले. म्हणाला, शेवटची खंयची, कालपासून दोन मंडळांचे फोन आले. त्यांना तोच गजर हवा आहे.

मग रिमोट स्वतःच घेतला. "समोरची बारी पुरी आयकूक व्हयी ना?"

शीर्षकगीत लागले. गिटारसकट. लवूने मान एका बाजूला करून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले. बोटे मांडीवर पट्ट्या शोधत होती. मी पंख्याकडे पाहत होतो.

गाणे संपले. लवू चहाचा घोट घेऊन, अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुझी चाल ह्येंनी चोरल्यानी रे."

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला.

 विचार करतो आहे. आंघोळीच्या वेळी आमच्या बाथरूमची खिडकी उघडी असते, आणि माझा आवाज लांब जातो. तारखा थोड्या मागेपुढे होतात, पण शक्यता नाकारता येत नाही.

उद्या वाहिनीच्या श्वेताला फोन करायला हवा. साडेआठच्या आत.